दोन चॅनेलमध्ये दडलेला सराउंड: खूण बघावी, डिकोडर लावावा की वजाबाकी करावी?

जुन्या डीव्हीडी आणि हाय-फाय व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवताना एक प्रश्न हमखास पडतो: हातातला 2.0, म्हणजे दोन चॅनेलचा, ट्रॅक साधा स्टिरिओ आहे, की मधल्या आणि मागच्या स्पीकरचा आवाज (सराउंड) त्यात मिसळून ठेवलाय? ट्रॅक मोनो करून टाकला किंवा जागा वाचवायला फार दाबला, तर तो मागचा आवाज कायमचा जातो. म्हणून आधी ओळख पटवलेली बरी. त्यासाठीचे तिन्ही मार्ग मी बरीच वर्षं वापरले आहेत.

सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे खूण. एसी-3 (डॉल्बी डिजिटल) ट्रॅकमध्ये त्यासाठी दोन बिट राखून ठेवलेले असतात: सराउंड आहे, नाही, किंवा काहीच सांगितलेलं नाही. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये ही नोंद दिसते. माझ्या संग्रहात 'आहे' ही खूण बहुतेक वेळा खरी निघाली, 'नाही' मात्र बेभरवशाची. पावसातल्या एका लांबलचक प्रसंगाचा ट्रॅक मी त्या 'नाही'वर विसंबून कित्येक वर्षं साध्या स्टिरिओत ऐकत होतो. पाऊस मागे भरलेला होता, हे फार उशिरा कळलं. व्हीसीडीच्या लेयर-2 (एमपीईजी) आवाजात तर ही नोंद करायला जागाच नाही, आणि कॅसेटचं सांगायलाच नको.

दुसरा मार्ग डिकोडरचा: रिसीव्हर प्रो लॉजिक 2 वर, म्हणजे मिसळलेला आवाज पुन्हा वेगळा करणाऱ्या डॉल्बीच्या डिकोडरवर, टाकायचा आणि मागून काय येतं ते ऐकायचं. ऐकण्याचा आनंद यात सर्वात जास्त, हे मान्य. पण माझा निर्णय फिरला तो इथेच. 2000 सालचा हा डिकोडर साध्या स्टिरिओतूनही मागचा आवाज काढण्यासाठीच घडवलेला आहे. नाट्यसंगीताच्या एका मैफिलीचं दोन मायक्रोफोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी लावलं, तर टाळ्या पाठीमागून इतक्या सुरेख आल्या की मी वहीत 'सराउंड आहे' असं लिहून मोकळा झालो. त्यात सराउंड कुणी भरलेलाच नव्हता. तेव्हापासून मागून आवाज येणं हा पुरावा मी धरत नाही. 1987 चा मूळ प्रो लॉजिक थोडा कडक आहे, त्याचा मागचा आवाज मोनो आणि 7 किलोहर्ट्झपर्यंतच असतो. पण फसवतो तोही.

राहिली बेरीज-वजाबाकी. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जास्त चॅनेल दोनांत मिसळण्याच्या या पद्धतीत, मधला आवाज दोन्ही चॅनेलांत सारखा जातो, तर मागचा आवाज एकात +90 आणि दुसऱ्यात −90 अंश फिरवून, म्हणजे परस्परांच्या उलट. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो करा आणि दोन्ही एकदम वाजवा, ही बेरीज. मग एकाला 'इन्व्हर्ट' (लहर उलटी करणं) लावून पुन्हा वाजवा, ही वजाबाकी. वजाबाकीत संवाद नाहीसे व्हायला हवेत. पण ते साध्या स्टिरिओतही होतं, तेवढ्यावर थांबू नका. खरी गंमत उलट बाजूला आहे: बेरीज केल्यावर कोणता आवाज गायब होतो? मैफिलीतल्या टाळ्या बेरजेत आणि वजाबाकीत जवळपास सारख्याच राहिल्या. माझा पाऊस मात्र बेरजेत जवळजवळ विरला आणि वजाबाकीत धो धो कोसळला. हा फरक हेडफोनवर लगेच ऐकू येतो.

कृत्रिमरीत्या रुंद केलेलं सिंथेसायझरचं संगीतही बेरजेत नाहीसं होऊ शकतं, त्यामुळे निव्वळ पार्श्वसंगीतावरून ठरवू नये. डोक्यावरून जाणारं विमान शोधावं. ते बेरजेत ओसरत जाऊन वजाबाकीत चढत गेलं, तर कुणीतरी ते जाणूनबुजून मागे नेलंय असं मी समजतो. आणि बेरजेत संवादच गेले, तर एक चॅनेल कुठेतरी उलटा जोडला गेलाय. आधी तो सुलटा करा.

गोनिओमीटरवर, म्हणजे दोन चॅनेलांचं नातं आलेखात दाखवणाऱ्या मीटरवर, हेच चित्ररूपात दिसतं: मधला आवाज उभी रेघ, मागचा आडवी. तासनतास ट्रॅक तपासायचे असतील तर कदाचित तोच सोयीचा पडेल. मला मात्र गर्दीच्या प्रसंगात त्या गुंत्यातून काही उमगत नाही, कानाला पटकन कळतं.

एक पथ्य पाळा: तपासायला फाइलमधला मूळ 2.0 ट्रॅकच घ्या, प्लेअरमधून निघालेला आवाज नको. डिस्कवर 5.1 (सहा चॅनेलचा आवाज) असेल तर काही प्लेअर स्वतःच त्याचा मॅट्रिक्स करून देतात. वजाबाकीत तुम्हाला मग डिस्कचं नव्हे, प्लेअरचं काम ऐकू येईल.