गूगल पेटंट्स: "हिस्टरी बंद" वालं पेटंट पाडायला किती कामाचं?

ठराविक युजरपुरती ब्राउझरची हिस्टरी बंद ठेवायची या कल्पनेवर अमेरिकेत पेटंट मागितलं जातं, तेव्हा "यावर कसलं पेटंट मागता राव" असं ज्यांना वाटतं त्यांनी गूगल पेटंट्स (जुनी पेटंटं आणि अर्ज शोधायची गूगलची साइट) एकदा वापराच, कारण "हे तर सगळ्यांना माहितीये" म्हणून अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात कुणी ऐकत नाही, ही कल्पना आधीच होती हे सांगणारा जुना कागद तारखेसकट दाखवावा लागतो.

साइट फुकट, २००६ पासून चालू, लॉगिनची कटकट नाही. प्रायॉरिटी डेटच्या (म्हणजे ज्या तारखेपासून पेटंटचा हक्क मोजतात तिच्या) आधीचंच दाखव अशी अट टाकता येते हे मला सगळ्यात आवडतं, नंतरचं कितीही सापडलं तरी उपयोग शून्य. आणि क्लेम्स, म्हणजे नक्की कशावर हक्क मागितलाय ती वाक्यं, सरळ समोर दिसतात. टायटल वाचून भडकू नका, खरं भांडण क्लेमच्या वाक्यावर असतं. म्हणजे बघा, सफारीत प्रायव्हेट ब्राउझिंग २००५ लाच आलं, क्रोमचं इन्कॉग्निटो २००८ ला, मग वाटतं झालं, उडालं पेटंट! पण तिथे मोड युजर स्वतः चालू करतो, आणि क्लेममध्ये "लॉगिन ओळखून निवडलेल्या युजरचीच हिस्टरी सेव्ह न करणे" असं असेल तर एकट्या सफारीने भागत नाही, क्लेममधला प्रत्येक मुद्दा एकाच जुन्या कागदात सापडायला हवा. नाहीतर दोन-तीन कागद जोडून "हे या कामातल्या कुणालाही सुचलं असतं" असं पटवायचं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालापासून ते जरा सोपं झालंय, मग विंडोज २००० मधली युजरवार लागणारी ग्रुप पॉलिसीसुद्धा (ॲडमिनने कुठल्या युजरला काय चालेल ते ठरवायची सोय) कामाला येते.

कमी कुठे पडतं? सॉफ्टवेअरचा जुना पुरावा बऱ्याचदा मॅन्युअल, रिलीज नोट्स, हेल्प पेजमध्ये पडलेला असतो. इथे गूगल स्कॉलरचे (संशोधनाचे) पेपर सर्चमध्ये घेता येतात, पण हेल्प पेजसाठी वेबॅक मशीनच (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) गाठावं लागतं. "ॲक्टिव्ह" वगैरे स्टेटस दिसतं तो अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही, असं तेच लिहून ठेवतात (बारीक अक्षरात बरं का).

अर्ज अजून मंजूर झाला नसेल तर सापडलेला कागद थर्ड पार्टी सबमिशनने (बाहेरच्या माणसाने पुरावा देायची सोय) मुदतीत पेटंट ऑफिसला पाठवता येतो, पहिल्या वेळी तीन कागदांपर्यंत फी नाही. एकदा मंजूर झालं की मग इंटर पार्टीज रिव्ह्यू (मंजूर पेटंटला पेटंट ऑफिसातच आव्हान द्यायची प्रक्रिया), त्याची नुसती फी बघूनच डोळे पांढरे होतात.

पाचपैकी चार स्टार, एक त्या स्टेटससाठी कापला.