झेरॉक्सवाले दादा, कुपवाड एमआयडीसी: ईएसआयच्या बेकारभत्त्याचा फॉर्म

पाचपैकी चार स्टार.

दुकानाला धड पाटी नाही. झेरॉक्सवाले दादा म्हणून विचारलं की कुणीही हात करून दाखवतं. पॅनकार्ड, सातबारा, लाइट बिल सगळंच करतात, पण मी लिहितेय ते काम सुटल्यावरच्या पैशांसाठी.

आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं काम कंपनीनं काढून घेतलं आणि पॅकिंगच्या आम्ही बायका घरी बसलो. पगारातनं दरमहा पाऊण टक्का ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापायचे, तो दवाखान्यासाठी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्याच कार्डावर बेकारभत्ताही मिळतो, 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालू आहे, हे मला इथं कळलं. कॉन्ट्रॅक्टर कशाला सांगतोय!

दादा फॉर्म लगेच उघडत नाहीत. "वैनी, आधी हजेरी बघू, मग पैशाचं बोलू," म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरनं महिन्याला किती दिवस भरले ते ईएसआयच्या साइटवर दिसतं. पण लॉगिनचा ओटीपी काही माझ्या मोबाइलवर येईना. भरतीच्या वेळी सुपरवायझरनं सगळ्यांच्या नावापुढं स्वतःचाच नंबर टाकलेला! आधी तो बदलून घेण्यात वेळ गेला. तुम्ही कामावर असतानाच हे तपासून ठेवा.

मग कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज. एप्रिल ते सप्टेंबर एक सहामाही, ऑक्टोबर ते मार्च दुसरी. काम सुटायच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवस भरलेले हवेत, तिच्या मागच्या तिनांपैकी एकीत तरी पुन्हा 78, आणि ईएसआयखाली नोकरी दोन वर्षांची. माझ्या आधी बसलेल्या पोराचे दिवस कमी भरले. त्याला "होत नाही बघ" म्हणून सरळ सांगितलं आणि एक रुपया घेतला नाही. माझा विश्वास बसला तो तिथं.

रक्कम किती, तेही कागदावर मांडून देतात. चार सहामाह्यांची एकूण मजुरी भागिले 730, त्याच्या निम्मे, हा रोजचा भत्ता. सलग 15,000 पगार असेल तर दिवसाला 246 रुपये, 90 दिवसांचे 22 हजारांच्या थोडे वर. मध्ये काम नसलेले महिने असले तरी भागायचं 730 नंच, म्हणून कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा आकडा लगेच खाली येतो. हे मला पटलं नाही, पण नियम दादांनी केलेला नाही. 2020 च्या आधी तर निम्म्याऐवजी पावच द्यायचे.

काम सुटून 30 दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. हे 90 दिवस आयुष्यात एकदाच. मध्येच दुसरीकडं लागलात तर तिथवरचेच पैसे. गैरवर्तनावरून काढलेल्याला, रिटायर झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला मिळत नाहीत. मला उशिरा मिळाले, पण थेट खात्यात आले. घरभाडं निघालं.

फॉर्मचे शंभर रुपये घेतले, ते रास्त आहेत. स्टार कापला तो गर्दीसाठी. पहिली शिफ्ट सुटली की आत पाय ठेवायला जागा नसते, मी सह्या बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर ठेवून केल्या. सकाळी जावा. आणि आधार, पासबुकाच्या झेरॉक्स दुसरीकडनं काढून न्या, झेरॉक्सवाले दादा पानाला पाच रुपये लावतात.