दुसऱ्या आयव्हीएफसाठी सेंटर बदललं, त्याबद्दल

लग्नाला 7 वर्षं झाली. पहिली आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) फसल्यावर सेंटर बदललं. इथल्या नर्सताईंनी पहिल्याच दिवशी सिरिंज माझ्या हातात दिली, पोटाची चिमूट धरायला लावली, "घाई नको, सुई सरळ जाऊ दे" म्हणाल्या. पुढचे 10 दिवस मीच घरी इंजेक्शनं घेतली. शेवटचं, स्त्रीबीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन अगदी ठरल्या वेळीच घ्यावं लागतं, कारण त्यानंतर साधारण 36 तासांनी स्त्रीबीजं काढतात. त्या रात्री नर्सताईंनी आठवणीने फोन केला.

समुपदेशनाला नवऱ्यालाही बसवलं. वीर्यतपासणीचं नाव काढलं की गप्प होणारा माणूस तिथे पहिल्यांदा मोकळेपणी रडला. (दोष बाईचाच, हे किती वर्षं ऐकून घेतलं मी!)

खटकलं एकच: गरोदर बायका आणि आम्ही, सगळ्यांना एकच वेटिंग रूम. ते बदलायलाच हवं.

यावेळीही बीटा एचसीजी (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आली. पण रिपोर्ट नुसता मोबाइलवर न पाठवता डॉक्टरांनी दोघांना बोलावलं, पाऊण तास बोलल्या. गोठवलेले 2 भ्रूण आहेत. पुढचा प्रयत्न इथेच करणार.