पायथॉनमध्ये डिपेंडन्सी इंजेक्शन: हाताने जोडायचं की कंटेनर आणायचा?

क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून त्याच्या हातात देणं म्हणजे डिपेंडन्सी इंजेक्शन, आणि ही जोडाजोड आपोआप करणारी लायब्ररी म्हणजे कंटेनर. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधून पायथॉनकडे आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, 'इकडे कंटेनर कुठला वापरता?' माझं उत्तर बहुतेक वेळा एकच: आधी हाताने जोडून बघ.

समजा, रोज रात्री हिशेबाचा रिपोर्ट मेल करणारी स्क्रिप्ट आहे. क्लासने मेल पाठवायचं एसएमटीपी कनेक्शन स्वतःच उघडलं, तर टेस्टमध्ये पॅच लावणं, म्हणजे खरं फंक्शन तात्पुरतं नकलीने बदलणं आलं. तो पॅच फंक्शन जिथे लिहिलंय तिथे लावून भागत नाही. ज्या मॉड्यूलने ते नाव इम्पोर्ट केलंय, तिथे लावावा लागतो. हे विसरून मी टेस्ट चालवली आणि खरेखुरे मेल सुटले. त्याऐवजी मेल पाठवणारा ऑब्जेक्ट, म्हणजे मेलर, क्लासच्या इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पॅरामीटर म्हणून घेतला, तर टेस्टला चार ओळींचा नकली मेलर पुरतो: पाठवायचं ते लिस्टमध्ये टाकायचं, बस्स. टाइप हिंटसाठी पायथॉन ३.८ पासून टायपिंग मॉड्यूलमध्ये प्रोटोकॉल आहे: कुठल्या मेथड हव्यात एवढंच त्यात लिहायचं, वारसा घ्यायची गरज नाही. सगळी जोडाजोड मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये करायची. फक्त पॅरामीटरच्या डिफॉल्टमध्ये ऑब्जेक्ट बनवू नका. डिफॉल्ट डेफच्या वेळी, म्हणजे फंक्शन तयार होताना, एकदाच बनतो आणि पुढे सगळ्यांच्या वाट्याला तोच येतो.

मेनमधली ही जोडणी पानभर झाली, तर पंक (punq) ही छोटी कंटेनर लायब्ररी बघा. क्लास रजिस्टर करा, रिझॉल्व्ह म्हणा. टाइप हिंट वाचून तो बाकीचं जुळवतो. शिकायला अर्धा तास. पण रजिस्टर करायचं राहिलं, तर ते प्रोग्रॅम चालल्यावरच कळतं. हाताने जोडताना हीच चूक एडिटर लाल रेघ मारून दाखवतो.

डिपेंडन्सी इंजेक्टर ही लायब्ररी त्याहून भारी: सिंगलटन, फॅक्टरी, कॉन्फिगरेशन, वस्तू पुरवणारे सगळे प्रोव्हायडर तयार. मात्र मॉड्यूल वायर करायला, म्हणजे कंटेनरशी जोडायला विसरलात, तर फंक्शनच्या हातात सर्व्हिसऐवजी प्रोव्हाइडची नुसती खूणचिठ्ठी पडते, आणि एरर भलत्याच ओळीवर दिसतो. छोट्या टीमला मी हे सुचवणार नाही.

फास्टएपीआय हे वेब फ्रेमवर्क वापरत असाल, तर प्रश्नच मिटला. त्यातला डिपेंड्स एका रिक्वेस्टपुरता डेटाबेस सेशन देतो, यील्डनंतरच्या कोडमध्ये तो बंद करता येतो, टेस्टमध्ये डिपेंडन्सी ओव्हरराइड्सने बदलताही येतो. अडचण एवढीच की रात्रीच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) तेच फंक्शन थेट बोलावलं, तर डिपेंड्स काहीच पुरवत नाही. म्हणून हिशेबाचे क्लास साधे ठेवा. डिपेंड्स फक्त राउटच्या, म्हणजे वेब रिक्वेस्ट घेणाऱ्या फंक्शनपर्यंत. मग क्रॉनच्या मेनमध्ये तेच क्लास तीन ओळींत हाताने जोडता येतात.