‘पिस्टन निघत नाही’ असे सांगून माझीच कॅलिपर मला विकली

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मला ज्या रीतीने फसवले गेले ती रीत फार सोपी आहे, ती कोणाच्याही बाबतीत वापरता येते, आणि काम ब्रेकचे असल्यामुळे तिची किंमत जिवानेही मोजावी लागू शकते.

माझ्याकडे 1982 ची मर्सिडीज-बेन्झ 240 डी आहे. डब्ल्यू 123 मालिकेतील या गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. त्याच काळातल्या आपल्या प्रीमियर पद्मिनीला आणि जुन्या ॲम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम होते. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा हात ड्रमवर चांगला बसलेला असतो, पण दोन्ही बाजूंनी समोरासमोर पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारे दट्टे) असलेले असे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखे धरणारे ब्रेकचे भाग, उघडण्याचा सराव फार थोड्यांना असतो. फसवणाऱ्याला नेमकी हीच जागा सापडते.

गाडी खानापूर तालुक्यात पत्र्याच्या शेडमध्ये काही पावसाळे उभी होती. तिकडचा पाऊस आणि दमट हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पिस्टनच्या तोंडावरचे धूळरोधक रबर एकदा फाटले की पाणी आत शिरते आणि पिस्टनच्या बाहेरच्या भागावर, म्हणजे सील (ब्रेक ऑइल अडवणारे आतले रबरी कडे) आणि ते रबर यांच्यामधल्या बोटभर पट्ट्यात, गंज धरतो. क्रोमचा मुलामा फुगून उचलला जातो आणि पिस्टन जागीच आवळला जातो. सीलच्या मागे, जिथे ब्रेक ऑइल असते, तिथला भाग बहुतेक वेळा बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण ‘आतून पूर्ण जाम झालंय’ हे वाक्य ऐकवले जाते तेव्हा ते क्वचितच खरे असते.

बेळगावातील एका गॅरेजमध्ये मी पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक खोलून नवे सील टाकण्यासाठी गाडी दिली. दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेण्यात आले. कॅलिपर शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरलेले होते, मिस्त्रीने माझ्यासमोर पिस्टनवर हातोडीचे दोन घाव घातले आणि म्हणाला, “साहेब, आता ब्रह्मदेव आला तरी ह्यो निघत न्हाई. जोर लावला तर कॅलिपर फुटंल.” त्यावर त्याने उपायही तयार ठेवला होता: मुंबईहून रिकंडिशन केलेली जोडी मागवायची, जुनी जोडी बदल्यात द्यायची म्हणजे चार हजार रुपये कमी होतील, आणि मजुरीसह एकूण बेचाळीस हजारांत काम पूर्ण होईल. काही दिवसांनी चंदेरी रंग दिलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जोडी मला दाखवून गाडीवर चढवण्यात आली. हातात मिळाली ती कच्ची पावती, आणि तिच्यावर ‘फ्रंट ब्रेक काम’ एवढेच लिहिलेले होते.

जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना गाडी डावीकडे ओढू लागली. जळका वास आला, पेडल हळूहळू खाली जाऊ लागले आणि थांबून पाहिले तेव्हा डाव्या चाकाच्या रिमला हात लावता येत नव्हता. पिस्टन मागे सरकत नसला की पॅड डिस्कला घासत राहतो आणि ती उष्णता ऑइलमध्ये उतरते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्याने हवेतील ओलावा शोषला की प्रमाणानुसार ही मर्यादा 155 अंशांपर्यंत घसरू शकते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल दाबले तरी चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. या गाडीचा हँडब्रेक केबलवर चालतो आणि मागच्या डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रमवर काम करतो, म्हणून तो शाबूत होता. खालच्या गिअरमध्ये आणि हँडब्रेकच्या आधाराने गाडी सपाटीला आणता आली.

नंतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त फिटर काकांनी ती कॅलिपर माझ्यासमोर उघडली. त्यांनी आधी थिनरने रंग पुसला. डाव्या कॅलिपरवर, ब्रेकची नळी जोडतात त्या जागेशेजारी, छिन्नीने मारलेल्या दोन तिरप्या खुणा उघड्या पडल्या. गाडी विकत घेताना मी चाके काढून जे फोटो काढले होते, त्यांत याच दोन खुणा याच जागी दिसतात. मुंबईहून आलेली म्हणून ज्यांचे पैसे घेतले ती माझीच कॅलिपर होती.

आतला प्रकार त्याहून वाईट होता. धूळरोधक रबर जुनेच, कडक झालेले, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलेले होते. पिस्टनच्या कडेला पाइप पान्याच्या दात्यांचे खोल ओरखडे होते, त्यांत लांबी (पुट्टी) भरून वर पॉलिश पेपर मारला होता. जाड नवे पॅड बसवले की पिस्टन आत ढकलावा लागतो आणि हाच खरवडलेला भाग सीलच्या दिशेने जातो. सील त्यावर अडकले की पिस्टन मागे येत नाही. काकांनी पिस्टन माझ्या हातात दिला आणि विचारले, “निघत न्हाई म्हणून सांगितलं ना त्यानं, मग हे दात कशाचे?” सीलही जुनेच होते. नव्या किटमधल्या सीलशेजारी ठेवल्यावर ते फुगलेले आणि मऊ पडलेले दिसत होते, म्हणजे कॅलिपर पेट्रोल किंवा डिझेलने धुतले होते. ब्रेकच्या या रबराला खनिज तेल मुळीच चालत नाही.

अडकलेला पिस्टन खरोखर कसा काढतात हे कळले तर ‘निघत नाही’ या शब्दावर कोणी लगेच विश्वास ठेवणार नाही, म्हणून काकांची पद्धत लिहितो. गंजाच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडून ते मुरू द्यायचे. मग क्लॅम्पने पिस्टन आधी किंचित आत दाबायचा, म्हणजे गंजाची पकड मोडते. त्यानंतर कॅलिपर गाडीच्याच नळीला जोडलेले ठेवून पेडल हळूहळू दाबायचे. पेडलने 70 बारचा दाब सहज तयार होतो आणि 57 मिलिमीटर व्यासाचा पिस्टन धरला तर त्यावर दीड टनाहून अधिक जोर येतो. गंजाची पकड एवढ्यापुढे फारशी टिकत नाही. समोरासमोरच्या पिस्टनांत सैल असलेला आधी बाहेर पडतो आणि मग सगळा दाब तिथूनच निघून जातो. त्यासाठी सैल पिस्टनला क्लॅम्पने अडवून जाम झालेला पुढे आणायचा, आणि दोन्ही अगदी तोंडाशी आल्यावर हाताने काढायचे. पेडलचा मार्ग नसेल तर ग्रीसगनने दाब देता येतो, मात्र नंतर ग्रीसचा कणही आत राहता कामा नये. कंप्रेसरची हवा काका स्वतः वापरत नाहीत, आणि मलाही ते पटते: 8 बार हवेनेही त्याच पिस्टनवर दोनशे किलोंचा जोर येतो, आणि दाबलेली हवा एका क्षणात प्रसरण पावत असल्यामुळे तो गोळीसारखा सुटतो. मधे बोटे असतील तर ती जातात.

खड्डे पडलेला पिस्टन परत घालायचा नसतो, तो बदलायचाच असतो. बदलायला संपूर्ण कॅलिपर मात्र सहसा लागत नाही. ज्या शहरात हायड्रॉलिकचे सुटे भाग आणि क्रँकशाफ्ट तयार होतात, तिथल्या माणसाने पिस्टन काढण्यासाठी मुंबईचे नाव सांगावे हेच खरे तर खटकायला हवे. येथे प्रामाणिक आणि कसबी कारागीर पुष्कळ आहेत, आणि अशा एका माणसामुळे त्यांच्याकडेही संशयाने पाहिले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी गाडी देण्यापूर्वी दोन्ही कॅलिपरवर न दिसेल अशा जागी पंचने खूण करून फोटो काढून ठेवावा, जुना भाग बदल्यात देण्याचा प्रस्ताव आला तर चार पैसे जास्त देऊनही तो भाग स्वतःकडे ठेवावा, आणि पावतीवर कोणता भाग, नवा की दुरुस्त केलेला, हे जीएसटी क्रमांकासह लिहून घ्यावे. ज्यांचे काम आधीच झाले आहे त्यांनी चाक उचलून पेडल दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरायला हवे. पिना काढून पॅड बाहेर ओढले की टॉर्चच्या उजेडात पिस्टनची कडही दिसते. तिच्यावर दात्यांच्या खुणा असतील तर ती गाडी घाटात नेऊ नये.

गॅरेजवाल्याने सगळे नाकारले, ‘अशा खुणा शंभर कॅलिपरवर असतात’ असे तो म्हणाला. मी फोटो, पावती, पैसे पाठवल्याची बँकेतील नोंद आणि काकांचे लेखी म्हणणे जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. निपाणी-चिकोडीकडचे अनेक जण गाडीचे काम कोल्हापुरात करून घेतात. त्यांनाही आता तक्रारीसाठी सीमेपलीकडे जावे लागत नाही, कारण तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा या कायद्याने दिली आहे.