कॉन्फेडरेशनचा करारनामा की १७८७ची राज्यघटना?

१७८१मध्ये लागू झालेल्या कॉन्फेडरेशनच्या करारनाम्यात, म्हणजे अमेरिकेतल्या १३ राज्यांच्या पहिल्या घटनेत, अमेरिकी काँग्रेसला (संसदेला) कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे आणि मिळेल त्यात भागवायचे. आयातकराचा प्रस्ताव आला, तर एकट्या ऱ्होड आयलंडने तो हाणून पाडला, कारण दुरुस्तीला १३ही राज्यांची संमती लागे. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सैनिकांचे पगार थकले, ते याच दुबळेपणापायी. राज्यघटनेने करवसुली, अध्यक्ष, संघीय न्यायालये असे सगळेच दिले. ती अमलात यायला ९ राज्ये पुरली. कारभारासाठी राज्यघटनाच उजवी, यात मला शंका नाही. पण एक गोष्ट फार खुपते. जुन्या काँग्रेसने १७८७मध्येच ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात गुलामगिरीला मनाई केली होती. नव्या घटनेने मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांना तीन-पंचमांश माणूस धरले.