दोरी कोणाच्या हातात? कुत्र्याच्या ट्रेनिंगचे चार मार्ग

मोती महिनाभर ट्रेनिंगला राहून परत आला तो दिवस मला लख्ख आठवतो. ट्रेनरने दारातच त्याला एका शब्दात बसवलं, दुसऱ्या शब्दात आडवं केलं. मग तो फाटकापर्यंत चालत गेला, तरी मोती जागचा हलला नाही. आम्ही सगळे बघत राहिलो. ट्रेनर गेला आणि मी म्हटलं, "बस." मोतीने माझ्याकडे पाहिलं, शेपटी हलवली आणि पायरीवरची चप्पल उचलून पळाला. तीन आठवड्यांत उरलंसुरलंही विरून गेलं. तो शिकलेलं विसरला असेल अशी माझी समजूत होती. पण वर्षभराने तोच ट्रेनर रस्त्यात भेटला, तेव्हा मोती न सांगता खाली बसला. कान मागे पाडून, शेपटी पोटाशी घेऊन. ते पाहून माझ्या पोटात कालवलं.

म्हणून आता कोणी "कुत्र्याला कुठल्या ट्रेनिंगला घालू?" असं विचारलं, की मी आधी एकच गोष्ट विचारते: ट्रेनिंग संपेल तेव्हा कोणाचे हात शिकलेले असतील? पुढची दहा-बारा वर्षं दोरी तुमच्या हातात असणार आहे. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

साधारणपणे चार मार्ग समोर असतात. आठवड्यातून एकदा इतर कुत्र्यांबरोबर ग्रुप क्लास, घरी येऊन शिकवणारा ट्रेनर, कुत्र्याला काही आठवडे ट्रेनरकडे ठेवणं, आणि व्हिडिओ पाहून घरच्या घरी शिकवणं. पण या चौघांतल्या फरकापेक्षा मोठा एक फरक आहे, तो आधी बोलून घेते.

मार्ग कुठलाही असो, पद्धत कोणती?

कुत्रा शिकतो तो परिणामांवरून. एखादी गोष्ट केल्यावर चांगलं काही घडलं तर तो ती पुन्हा करतो, वाईट घडलं तर टाळतो. दोन्ही रस्त्यांनी कुत्रा बसायला शिकतो, हे खरंच आहे. जुनी ट्रेनिंग लष्कर आणि पोलिसांच्या कुत्र्यांवरून आली. जर्मनीत कॉनराड मोस्ट यांनी 1910 मध्ये लिहिलेलं पुस्तक त्या परंपरेचा पाया मानलं जातं, आणि गळपट्ट्याला झटका देऊन चूक दाखवणं तिथे नेहमीचंच होतं. घरगुती कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या चाचण्या अमेरिकेत 1933 मध्ये हेलन व्हाइटहाउस वॉकर यांनी आपल्या पूडल कुत्र्यांसाठी सुरू केल्या. त्यांच्याकडचे कुत्रे नुसते दिसायला देखणे नाहीत, हुशारही आहेत, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. 1936 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्या स्पर्धांचे नियम अधिकृत केले.

"कुत्र्याला दाखवून द्या की घरात मालक कोण" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. त्याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, आणि कळपात सतत वर्चस्वाची झुंज चालते अशी समजूत रुजली. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती आणखी पसरली. पण रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं जवळून पाहिल्यावर याच मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्लं; तिथे "अल्फा", म्हणजे झुंजून वर्चस्व मिळवलेला म्होरक्या, हा शब्द लावणं बरोबर नाही. त्यामुळे कुत्र्याला पाठीवर उलटं दाबून धरायला सांगणारा ट्रेनर भेटला, तर तो मागे पडलेल्या समजुतीवर शिकवतो आहे हे ओळखा.

2020 मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे झटके, ओरडणं, धाक वापरला जायचा तिथले कुत्रे ट्रेनिंगच्या वेळी जास्त वेळा ओठ चाटत होते, जांभया देत होते, अंग आखडून घेत होते. ट्रेनिंगनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं सापडलं. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 63 कुत्र्यांवरचा अभ्यास आला. हाक मारल्यावर परत न येणारे हे कुत्रे होते. विजेच्या पट्ट्याने शिकवलेले कुत्रे बक्षीस देऊन शिकवलेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. वेल्सने तर असे पट्टे 2010 मध्येच बंद केले.

माझं मत सरळ आहे. झटक्याचा पट्टा किंवा काट्यांचा गळपट्टा हातात घेणारा ट्रेनर असेल, तर पुढची तुलना करूच नका. मोतीचं ते मागे पाडलेले कान घेऊन खाली बसणं मी एकेकाळी "शिस्त" समजले असते.

ग्रुप क्लास

सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून एक तास, सहा-सात कुत्रे आणि तितकीच माणसं असं साधारण स्वरूप. लोकांची पहिली शंका असते, की एवढ्या गर्दीत माझ्या कुत्र्याकडे लक्ष कोण देणार. पण क्लासची खरी कमाई त्या गर्दीतच असते. कुत्र्याच्या डोक्यात शब्द जागेसकट बसतो. बैठकीत पाठ झालेली "बस" मैदानात, शेजारी दुसरा कुत्रा असताना, त्याच्यासाठी जवळजवळ नवी असते. क्लासमध्ये ती गर्दी आधीच तयार मिळते, आणि आपल्याला झेपेल इतक्या अंतरावर उभं राहून सराव करता येतो.

दुसरी कमाई म्हणजे कोणीतरी आपल्याकडे बघत असतं. राणीला, म्हणजे आमच्या दुसऱ्या कुत्रीला, मी क्लासला नेलं तेव्हाची गोष्ट. मी "बस" म्हणायचे, ती बसायची, मी खिशात हात घालून खाऊ शोधायचे, आणि खाऊ तिच्या तोंडाशी जाईपर्यंत ती उठलेली असायची. पंधरा दिवस मी तिला उठण्याचं बक्षीस देत होते आणि "ही एक क्षण टिकत नाही" म्हणून तिलाच बोल लावत होते. क्लास घेणाऱ्या बाईंनी हे दोन मिनिटांत पकडलं. खाऊ आधीच मुठीत, बूड जमिनीला टेकताक्षणी "हो" म्हणायचं, आणि खाऊ तिच्या नाकाशी खाली द्यायचा, म्हणजे तो घ्यायला तिला उठावं लागत नाही. त्या तासाच्या शेवटी राणी दहा सेकंद बसून राहत होती. कुत्री तीच होती, हात बदलले होते.

ते "हो" म्हणणं म्हणजे क्लिकरचंच, दाबल्यावर टिक वाजणाऱ्या छोट्या डबीचंच, तोंडी रूप. नेमक्या क्षणी खूण, मग एक-दोन सेकंदांत खाऊ. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून हे तत्त्व पुढे आलं, आणि डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ते कुत्रे पाळणाऱ्यांपर्यंत पोचवलं. वाचून कळायला सोपं आहे. हातात बसायला मात्र बघणारा माणूस लागतो.

पिल्लू असेल तर ग्रुप क्लासचं पारडं आणखी जड होतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग कसं आहे ते ठरवत असतं: माणसं, आवाज, इतर कुत्रे, वेगवेगळी जमीन. हा काळ घरात कोंडून गेला तर पुढे भीती निघायला फार वेळ लागतो. "सगळ्या लसी होऊ देत, मग बघू" म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तोवर ती वेळ निघून जाते. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्ये सांगितलं, की सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही क्लासला येऊ शकतं. पहिली लस आणि जंताचं औषध होऊन किमान सात दिवस झालेले असावेत, आणि पुढच्या लसी वेळेवर घेत राहाव्यात. तुमच्या भागात कुठली साथ आहे हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असतं, तेवढं विचारून घ्या. क्लासची फरशी रोज धुतली जाते का, आणि आलेल्या प्रत्येक पिल्लाचं लसीकरणाचं कार्ड पाहिलं जातं का, हेही बघा.

क्लास कोणासाठी नाही? दुसरा कुत्रा दिसला की ज्याचं भान सुटतं, किंवा जो भीतीने खुर्चीखाली शिरतो आणि खाऊसुद्धा घेत नाही, त्याच्यासाठी. एरवी खाणारा कुत्रा समोरचा खाऊ नाकारतो तेव्हा बहुतेक वेळा तो इतका ताणाखाली असतो, की त्या तासाला शिकणं होत नाही. त्याला तसाच तिथे बसवून ठेवला तर तो फक्त घाबरण्याचा सराव करतो. आणि एका शिक्षकामागे पंधरा-वीस कुत्रे असतील, तर मी वर सांगितलेलं "कोणीतरी बघणं" उरतच नाही.

घरी येणारा ट्रेनर

बेल वाजली की भुंकणं, पाहुण्यांवर उड्या, एकटं ठेवलं की दार ओरबाडणं, वाटीजवळ हात नेला की गुरगुरणं. हे प्रश्न ज्या घरात घडतात तिथेच सोडवावे लागतात. इथे ट्रेनर घराची मांडणी पाहतो, घरातली कोणती व्यक्ती काय बोलते ते ऐकतो. आजी "खाली उतर" म्हणते, मुलगा "डाऊन", आणि आई नुसतं "अरे!". अशा वेळी कुत्र्याला काय कळावं? चांगला ट्रेनर पहिल्याच भेटीत सगळ्यांना एका शब्दावर आणतो. तासाचा खर्च क्लासपेक्षा जास्त असतो, पण नेमक्या प्रश्नासाठी तीन-चार भेटीही पुरतात.

इथला धोका म्हणजे तासभर ट्रेनर काम करतो आणि आपण सोफ्यावरून कौतुक करतो. माझा नियम असा, की तासातली निदान चाळीस मिनिटं दोरी घरच्या माणसाच्या हातात हवी. दुसरी उणीव म्हणजे घरात दुसरा कुत्रा नाही, गर्दी नाही. म्हणून काही भेटींनंतर बाहेर सराव ठेवायला सांगा.

कुत्रा अचानक चिडका झाला असेल, हात लावला की चावायला येत असेल, तर ट्रेनरच्या आधी डॉक्टर. कान दुखणं, सांधे दुखणं, दात दुखणं, यांपैकी काहीही असू शकतं, आणि दुखण्यावर "बस-थांब" हा इलाज नव्हे.

ट्रेनरकडे ठेवणं

कामाच्या धबडग्यात हा पर्याय फार मोहक वाटतो, आम्हालाही वाटला होता. त्याची बाजू न्यायाने मांडायची तर अशी: अनुभवी हातात, रोज, अचूक वेळेवर शिकल्याने कुत्र्याचा पाया लवकर पक्का होतो. मालक आजारी असेल, हाताला प्लास्टर असेल, तर तो आधारही ठरतो.

पण शिकलेलं त्या जागेशी आणि त्या माणसाशी बांधलेलं राहतं. शिवाय तारुण्यात येणारा कुत्रा आपल्याच माणसाचं कमी ऐकतो, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पाच महिन्यांच्या वयात सांभाळणाऱ्याचं "बस" ऐकणारे कुत्रे आठ महिन्यांचे झाल्यावर त्याचंच कमी ऐकू लागले. अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होते. नेमक्या याच वयात लोक कंटाळून कुत्र्याला बाहेर ठेवतात, आणि खरं तर याच वयात घरच्या माणसाने धीराने लागून राहायला हवं असतं.

सर्वात मोठी अडचण म्हणजे तिथे काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. मोतीच्या त्या महिन्यात काय घडलं, हे मला आजही नीट कळलेलं नाही. तरीही ठेवायचंच असेल तर न कळवता भेटायला येऊ देतील का ते विचारा, दर दोन-तीन दिवसांनी ट्रेनिंगचा न कापलेला व्हिडिओ मागा, आणि परतीनंतर तुमच्या घरी, तुमच्या हातात दोरी देऊन किमान चार-पाच भेटी ठरवून घ्या. यातलं काहीही नाकारलं गेलं तर कुत्रा ठेवू नका.

व्हिडिओ पाहून घरी

खर्च जवळजवळ नाही, आणि आधी एखादा कुत्रा नीट शिकवलेला असेल तर हे पुरतंही. क्लासला जाऊ न शकणाऱ्या भित्र्या कुत्र्यासाठी तर सुरुवात इथूनच करावी. कमतरता एकच: तुम्ही व्हिडिओ बघता, तुम्हाला कोणी बघत नाही. त्यावर उपाय म्हणून फोन टेबलावर टेकवून तुमची पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि नंतर फक्त स्वतःचे हात बघा. ट्रेनर तुम्हाला थेट बघेल असा ऑनलाइन तास मिळाला तर आणखी चांगलं.

मग ठरवायचं कसं?

पिल्लू किंवा ओढाळ पण आनंदी मोठा कुत्रा असेल तर ग्रुप क्लास, दुसरा विचार न करता. भीती, गुरगुर किंवा घरातलाच प्रश्न असेल तर आधी डॉक्टर, मग घरी येणारा ट्रेनर, आणि कुत्रा सावरला की क्लास. हातात पैसे बेताचे असतील तर दोन भेटी ट्रेनरच्या आणि बाकी व्हिडिओ, हा जोड मी पूर्ण कोर्सपेक्षा चांगला चाललेला पाहिला आहे. ठेवण्याचा मार्ग माझ्या यादीत शेवटचा आहे. कुठल्याही मार्गाने गेलात तरी घरी दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटांचा सराव चुकवू नका. एका दमात अर्धा तास नको.

पैसे भरण्याआधी एकदा कुत्र्याला घरी ठेवून एकटे जा आणि एक पूर्ण तास बघा. ट्रेनरकडे नको, कुत्र्यांकडे बघा. शेपट्या कुठे आहेत, शिक्षक जवळ आल्यावर कुत्रे पुढे सरकतात की मागे? आणि निघताना ट्रेनरला विचारा: "माझा कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" "त्याला सोपं करून पुन्हा विचारतो" असं उत्तर आलं, तर पुढच्या आठवड्यात कुत्र्याला घेऊन जा.